अर्ध्या पुस्तकावरचं मत

४ जून

वहिनी,

तुझं पत्र सकाळी आलं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. मी तुला एवढी सुंदर कादंबरी पाठवली आणि तू दोन ओळींत तिची वासलात लावलीस. 'इंजिनियर फार रडतो आणि त्याच्या घरात कुणी काम करताना दिसत नाही.' हे मत झालं? मी मुख्याध्यापिका असताना असलं उत्तर लिहिणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

अगं, तो इंजिनियर म्हणजे आपले बाबा. लेखकाने नाव बदललं, गाव बदललं, वर त्याला झुपकेदार मिशी लावली, म्हणून मला कळणार नाही होय? पाणीपुरवठ्याचा अधीक्षक, गावात टायफॉइडची साथ, सगळे नगरसेवक हात झटकून मोकळे, आणि हा एकटा माणूस जेवणखाण सोडून टाक्यांवर उभा. शेवटी तो चौकात लोकांसमोर हात जोडतो, त्या पानावर मी ढसाढसा रडले. शेजारीण विचारायला आली कोण गेलं म्हणून. आणि तू म्हणतेस, फार रडतो. तू त्यांची सून आणि मी मुलगी, हा फरक शेवटी कुठेतरी दिसायचाच.

असो. तू लिहिलंस की आपल्या गावाच्या पाण्याचा इतिहास छापून आलाय, तिथल्या कॉलेजातल्या कुणा प्राध्यापक बाईंनी लिहिलेला. विकत घे. उद्याच घे, आणि नेहमीसारखं काप. पण या वेळी पहिला भाग माझा. मागच्या दोन्ही वेळा तू मला मागचा भाग पाठवलास. माझ्या हातात माणसं आधी मरतात आणि मग त्यांची लग्नं ठरतात. हे या वयात मला झेपत नाही.

फोन करून भांडले असते, पण कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. त्यामुळे तुझं फावतं.

तुझी नणंद


१३ जून

वन्सं,

पुस्तक घेतलं. कापलं. तुमचा पहिला भाग सोबत आहे.

ग्रंथालयाच्या बांधणी विभागात माझी सगळी नोकरी गेली, फाटकी पुस्तकं शिवण्यात. आणि घरी मात्र नवं कोरं पुस्तक कण्यातून उसवून त्याचे दोन तुकडे करायचे. दर वेळी सुरी लावताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. पण तुमच्या दादांनीच ही तोड काढली होती. एका कादंबरीवरून आपण दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हतो, तेव्हा ते म्हणाले, कापा आणि निम्मी निम्मी घ्या, म्हणजे माझं जेवण वेळेवर होईल. ते गेले, तोड राहिली. नियमही तोच राहिला आहे: अदलाबदल होईपर्यंत आपल्या भागातलं अवाक्षर बोलायचं नाही. मी कधी मोडला नाही. तुम्ही दोनदा मोडलात, पण ते सोडून देते.

आता कादंबरी. तुम्हाला राग आलाय तर सविस्तरच लिहिते. साथ चालू आहे, घरोघरी माणसं आजारी आहेत, आणि त्या इंजिनियरची नवी सून काय करते? खिडकीत बसून गाते. तीन वेळा गाते. मी मोजलं नाही, खूण करून ठेवली. वन्सं, त्या वर्षी त्या घरातली नवी सून मी होते. माझा गळा कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पातेली घासत होते, बोटांची सालं निघाली होती. लेखकाला हे कुठून कळणार, हे मला मान्य आहे. पण ठाऊक नसेल तर गप्प बसावं, त्या बिचारीला गायला का लावावं?

इतिहासाच्या पुस्तकाचं मला बरं वाटतं ते याचसाठी. कुणी गात नाही. काय घडलं, केव्हा घडलं, कोण हजर होतं, एवढंच. कंटाळा येतो खरा, पण संताप येत नाही.

तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीत.

आपली,
वहिनी


३० जून

वहिनी,

गुडघा गेला खड्ड्यात. मी गेल्या आठवड्यात शेवटचं पान संपवलं, म्हणजे माझ्या भागातलं, आणि मला काय करू आणि काय नको असं झालंय.

मी त्या बाईंना ओळखत नाही, पण त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. बाबांवर चाळीस पानं आहेत, चाळीस! नदीपासून गावापर्यंतची पाइपलाइन त्यांनी स्वतः पायी तपासली. प्रत्येक सांध्याला हात लावून पाहिला. पहिले नळ वरच्या वस्तीला द्यायचे असं नगरपालिकेत ठरत होतं, तर हे उठून म्हणाले, पाणी खालच्या अंगाला आधी जातं, मग नळही तिकडेच आधी जातील. शब्दशः छापलंय. आणि शेवटी, 'या शहराला घरोघरी पाणी देणारा माणूस.' आपल्या बाबांना असं म्हटलंय, वहिनी. निवृत्त झाले तेव्हा त्यांना कुणी धड हारही घातला नव्हता. ते शेवटची वर्षं गच्चीत एकटे बसून असायचे, कुणाशी बोलायचे नाहीत, ते याच दुखण्याने, असं मला नेहमी वाटत आलंय. लोकांनी केलेलं विसरल्याचं दुखणं.

तेव्हा मी गप्प बसले नाही. वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पानावर पत्र पाठवलं, ते परवा छापून आलं. कात्रण सोबत आहे, पण तुझा चष्मा कुठेतरी पडलेला असेल म्हणून इथे मोठ्या अक्षरात उतरवते. 'मी या पुस्तकात वर्णन केलेल्या पाणीपुरवठा अधीक्षकांची मुलगी. लेखिकेने कुणाचीही भीड न ठेवता लिहिलेल्या या इतिहासातला प्रत्येक शब्द खरा आहे, अशी मी जाहीर ग्वाही देते. सध्या कादंबऱ्यांतून इतिहासाची जी वाटेल तशी मोडतोड चालते, तिला हे सणसणीत उत्तर आहे.' शेवटचं वाक्य तुला खूश करायला घातलंय.

प्रकाशकांचा मला लगेच निरोप आला. दुसरी आवृत्ती निघतेय, तिच्या मलपृष्ठावर माझी ग्वाही छापू का म्हणून विचारत होते. मी हो म्हटलं. माझ्या जुन्या विद्यार्थिनी भेटायला येतायत. बाकी काही नाही तरी बाबांचं एवढं तरी माझ्या हातून झालं.

आता तुझा भाग पाठव, लवकर.

तुझी नणंद


६ जुलै

वन्सं,

दुसरा भाग सोबत पाठवते आहे.

मला तुमचा भयंकर राग आला आहे. पुस्तक अर्धं वाचून तुम्ही सगळ्याची ग्वाही कशी दिलीत? शाळेत मुलींना तुम्हीच शिकवत होतात ना, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका म्हणून? निदान मला एका ओळीनं विचारायचं होतं, पत्र पाठवू का. मी नियम मोडला असता. आयुष्यात पहिल्यांदा मोडला असता.

प्रकाशकांना थांबवता आलं तर थांबवा. मी थांबवा म्हणते ते पुस्तक चूक आहे म्हणून नव्हे. ज्याच्याखाली आपलं नाव जाणार आहे ते माणसानं वाचलेलं असावं, म्हणून.

एका बैठकीत वाचू नका. तुमची सूनबाई घरी असेल तेव्हा वाचा. माझं मत मी तुमच्यानंतर लिहीन.

वहिनी


१८ जुलै

वहिनी,

वाचलं. एका बैठकीतच वाचलं.

आधी तुझं. तुझ्याजवळ महिनाभर हे पडून होतं. बाबांवर मी वेड्यासारखी चार पानं लिहिली, तू ती वाचलीस, आणि तरी तुला नियम आठवला. घराला आग लागली तर तू दारावर टकटक करून आत येऊ का विचारशील. तुझ्या त्या नियमापायी मी गावभर हसं करून घेतलं. माझ्या तोंडाने, माझ्या सहीने मी माझ्या बापाला गुन्हेगार ठरवलं आणि वर लिहिलं, प्रत्येक शब्द खरा.

आता त्या बाईंचं. ज्या हातांनी पहिल्या भागात देव्हाऱ्यात बसवलं त्याच हातांनी दुसऱ्यात चिखल फासायचा, ही कुठली रीत? म्हणे जानेवारीच्या सुरुवातीलाच प्रयोगशाळेचा अहवाल बाबांच्या टेबलावर आला होता की गाळणी केंद्रातून बाहेर पडणारं पाणी दूषित आहे. म्हणे मार्चमध्ये मंत्री उद्घाटनाला येणार होते, तोवर गवगवा नको असं वरून सांगण्यात आलं आणि यांनी मान्य केलं. म्हणे लाउडस्पीकरची गाडी 'पाणी उकळून प्या' सांगत फिरली ती उद्घाटनानंतर, तोवर दवाखाने भरून वाहत होते. आणि हे वाक्य तर मला पाठ झालंय. 'अधीक्षकांनी ही गोष्ट कुणालाही कळू दिली नाही.' कुणालाही! या बाई तेव्हा जन्मल्या तरी होत्या का?

याच्यापेक्षा तो कादंबरीवाला परवडला. त्याला माणूस कळला होता. त्याचा इंजिनियर वरिष्ठांशी भांडतो, राजीनामा खिशात घालून हिंडतो. बाबा असे होते. आपल्या घरात रेशनचा एक दाणा जास्त आला तर परत करायला लावणारा माणूस गावाला विष पाजेल? तू त्यांच्या हाताखाली, त्यांच्या घरात राहिलेली आहेस. तुझ्या पोटात काही तुटत नाही?

तेव्हा हे कर. मी प्रकाशकांना आणि वर्तमानपत्राला खुलासा पाठवतेय. एकटीचा उपयोग नाही, मी तेव्हा हॉस्टेलवर होते असं कुणीही म्हणेल. तू घरात होतीस. तू फक्त एवढंच लिहायचं: 'मी त्या काळात त्या घरात राहत होते. गावाला कळेपर्यंत माझ्या सासऱ्यांना या गोष्टीची काहीही कल्पना नव्हती.' खाली सही. बाकीचं मी बघते. त्यांच्या पुस्तकातली एक जरी गोष्ट खोटी आहे असं दाखवता आलं ना, तर मी ती दुसरी आवृत्ती निघू देणार नाही.

पत्राला उशीर करू नकोस.

नणंद


२७ जुलै

वन्सं,

सही करणार नाही.

तुमच्याआधी मीही एका बैठकीतच वाचलं. तुम्हाला पुस्तकाचा राग आला. मला जो आला तो पुस्तकाचा नाही, आणि गेला महिनाभर मी तो घेऊन या घरात फिरते आहे. तुम्ही मागितलंत म्हणून लिहिते. गोड करून लिहिणार नाही.

त्या वर्षीच्या वीस जानेवारीला माझा सासरचा पहिला वाढदिवस होता. तुमच्या दादांनी सिनेमाची तिकिटं आणली होती. मी साडी बदलून बाहेर आले तर सासूबाईंनी दोन मोठी पातेली काढून ठेवलेली. म्हणाल्या, आजपासून प्यायचं पाणी सगळं उकळून घ्यायचं, चांगली खळखळून उकळी आली पाहिजे, बाबांचं पोट नाजूक झालंय. सिनेमा राहिला. म्हणून तर तारीख लक्षात आहे, बाईमाणूस असलं विसरत नाही. त्या दिवसापासून माझं तेच काम. उकळायचं, निववायचं, गाळायचं, माठात भरायचं, पातेली घासायची. मला वाटायचं, केवढं हे सासऱ्याचं कौतुक, एका पोटासाठी सगळ्या घरानं उकळलेलं पाणी प्यायचं. माहेरी जाऊन मी त्याची नक्कल करून हसवायची.

गावात गाडी फिरली ती मार्चमध्ये. हे पुस्तकात आहे आणि माझ्याही डोळ्यांसमोर आहे, कारण ती ऐकून मी सासूबाईंना म्हटलं होतं, बघा, आपण आधीपासूनच उकळतोय, केवढं नशीब. त्या उठून देवघरात गेल्या.

आता आपल्या भांडीवाल्या मावशी आठवा. जाड चष्म्याच्या, तुम्ही सुट्टीला आलात की तुमच्या वेण्या घालून द्यायच्या त्या. काम आटपलं की त्या पाणी मागायच्या. मी माठाकडे वळले की सासूबाई म्हणायच्या, ते मोजकं आहे, त्यांना नळाचं दे. मी देत होते. या हातांनी देत होते, भांडं स्वच्छ विसळून. फेब्रुवारीच्या मध्यात त्या यायच्या बंद झाल्या, त्यांचा ताप उतरेना. पुन्हा आल्याच नाहीत. त्यांच्या जागी भांडी मी घासायला लागले.

मला सांगितलं असतं तर मी त्यांना माठातलं दिलं असतं, वन्सं. एक वाक्य लागत होतं. त्या घरात एक वाक्य कुणी माझ्याशी बोललं नाही. इतकी वर्षं मी सासू-सासऱ्यांचं सगळं केलं, अंथरुणात केलं, आणि कुणालाही वाटलं नाही की या बाईला सांगावं, तुझ्या हातून आम्ही काय करवून घेतलं ते. मला हे एका परक्या बाईच्या पुस्तकातून कळावं? यांना तरी ठाऊक होतं का, हे आता मी कुणाला विचारू? फोटोला विचारते कधीकधी.

बाबा रेशनचा जास्तीचा दाणा परत करायला लावायचे हे खरं आहे. खालच्या वस्तीला आधी नळ त्यांनीच दिले हेही खरं आहे. म्हणून तर जास्त संताप येतो. ज्याला कळत नव्हतं त्याच्यावर कसला रागवायचा.

वहिनी


४ ऑगस्ट

ती. वहिनींस,

तुमचं पत्र मिळालं. आपल्या आठवणी आपल्यापाशी ठेवाव्यात. गेलेल्या माणसांना उत्तर देता येत नाही याचा फायदा घेणं तुम्हाला शोभत नाही. दोन पातेल्यांवरून कुणी माणसाची परीक्षा करत नसतं.

माझा खुलासा मी एकटीने पाठवते आहे. यापुढे पुस्तकं पाठवू नयेत, पुरी किंवा अर्धी.


२५ ऑगस्ट

वन्सं,

पुस्तकं पाठवत नाही, पत्र पाठवते. त्याला तुम्ही मनाई केलेली नाही.

चाळीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालात. मी तुम्हाला जन्मभर म्हणत आले, तेव्हा तक्रार करायची सोय नाही, पण पत्र वाचताना वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं चुकून माझ्या पेटीत पडलंय.

तुमचा खुलासा वर्तमानपत्रात रोज शोधते. अजून आलेला नाही. तुम्ही पाठवला नाहीत की त्यांनी छापला नाही, मला माहीत नाही. छापला तरी मी त्याच्या विरोधात काही लिहिणार नाही, हे तुम्हाला कळावं. त्या प्राध्यापक बाई इथेच राहतात, बाजारात दिसतात, एकदा तर भाजी घेताना माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तोंडाशी आलं होतं. बोलले नाही. ते तुमचे वडील आहेत, तुमच्या आधी मी बोलणार नाही. पण खोटं लिहून द्या म्हणाल तर तेही मी करणार नाही. गप्प बसण्याची त्या घरानं मला सवय लावली आहे, खोटं बोलण्याची लावली नाही.

गुडघ्याला शेक घेत असाल तर रात्री झोपताना घ्या.

वहिनी


१९ सप्टेंबर

वहिनी,

खुलासा पाठवला नाही. लिहून तयार होता. त्या बाईंच्या तारखा चुकीच्या आहेत हे आधी दाखवावं म्हणून मी लाल पेन्सिल घेऊन दुसरा भाग पुन्हा वाचायला बसले, पेपर तपासायला बसते तशी. त्यांच्या तारखांपुढे त्या वर्षीच्या माझ्या तारखा मांडत गेले. आणि फेब्रुवारीपाशी पेन्सिल थांबली.

फेब्रुवारीत आम्हाला परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी असायची. झाडून सगळ्या मुली घरी जायच्या. त्या वर्षी मी पेटी भरून बसले होते आणि रेक्टरबाईंनी बोलावून सांगितलं, तुझ्या वडिलांचा फोन होता, घरी नवी सून आलीय, माणसांची वर्दळ आहे, अभ्यास होणार नाही, तू इथेच राहा. मी किती रडले होते. तुझ्यावरही जळफळले होते, ते तुला कधी सांगितलं नाही. सून आली आणि मुलगी परकी झाली, हे मी लग्न होईपर्यंत मनात धरून होते. त्यानंतरही धरून होते, खोटं कशाला बोलू.

माझ्या खोलीत आपल्याच गावची एक मुलगी होती. आम्ही तिला बुलबुल म्हणायचो, अखंड बोलायची म्हणून. ती गेली घरी. जाताना मला म्हणाली, तुझ्या आईला भेटून सांगते, तुझी लेक इथे रडून पूर आणतेय, घेऊन जा. आणि ती आली होती आपल्याकडे, आईने पत्रात लिहिलं होतं. तुला आठवेल, पिवळ्या रिबिनी लावलेली, दारातूनच बोलायला लागणारी. आपल्याकडे ती पाणी प्यायली असेल तर ते उकळलेलं असेल, आईने तिला माठातलंच दिलं असेल, पाहुणी होती. पण तिथून ती स्वतःच्या घरी गेली ना. आईने तिला दारापर्यंत पोचवलं असेल, सांभाळून जा म्हणाली असेल, आणि तेवढं एक सोडून सगळं बोलली असेल.

ती परत आली नाही. रेक्टरबाईंनी तिची गादी गुंडाळून माळ्यावर टाकायला लावली. मला सगळे म्हणाले, तू नशिबाची, तुझ्या बाबांनी तुला अभ्यासाला ठेवून घेतलं. मीही म्हणायचे. शाळेत मुलींना सांगायचे, वडिलांचं ऐकलं म्हणून मी वाचले.

त्यांनी गावातून हॉस्टेलला फोन लावला, वहिनी. आपल्याच गल्लीत बुलबुलचं घर होतं. फोन ठेवून चार पावलं चालले असते तर झालं असतं. तिच्या आईला म्हणाले असते, तुमच्या पोरीलाही तिकडेच राहू द्या, कारण विचारू नका. कारण सांगायचीही गरज नव्हती. गावाला सांगायला वरून बंदी होती, शेजारणीला सांगायला कुणाची होती? मी आठवडाभर घरात भांडी आदळतेय. सून विचारते, काय झालं, तर तिला काय सांगू? माझ्या बापाने माझा जीव वाचवला म्हणून मला संताप आलाय, असं सांगू? त्यांच्यावर इतकं चिडायचं आणि त्यांना मी हवी होते म्हणून मी जिवंत राहिले, हे दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवायचं ते मला कुणी शिकवलं नाही. ती कादंबरी मी रद्दीत घातली. त्यात तो चौकात जाऊन हात जोडतो. बाबा गच्चीत जाऊन बसले.

प्रकाशकांना कळवलं की ग्वाही छापा. या वेळी पूर्ण वाचून कळवलंय. मात्र पुस्तकात एक चूक आहे, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय माझं नाव वापरू नका असंही सांगितलंय. त्या बाईंना लिहिलेलं पत्र सोबत ठेवते. तुझी पातेली आणि मावशी तू तुझ्या अक्षरात त्याखाली लिही, मला त्याला हात लावायचा अधिकार नाही. मग तूच ते नेऊन त्यांच्या हातात दे. पोस्टात टाकू नकोस. मी एवढंच लिहिलं आहे:

'आपल्या पुस्तकात म्हटलं आहे की अधीक्षकांनी ही गोष्ट कुणालाही कळू दिली नाही. हे खरं नाही. त्यांनी ती घरी सांगितली होती. आम्ही सगळे जिवंत राहिलो.'

तुझी नणंद